अर्भकांच्या अतिदक्षता कक्षातील हट्टी जंतू : माग कसा काढतात आणि तो आपल्या दारापर्यंत कसा येतो

बारामती व इंदापूर या तालुक्यांत दवाखाना चालविणाऱ्या प्रत्येक वैद्यास पुढील प्रसंग परिचित असेल. अपुऱ्या दिवसांचे, दीड किलो वजनाचे बाळ जन्मास येते. पहिला दिवस बरा जातो. तिसऱ्या दिवशी ते दूध ओढेनासे होते, अंग गार लागते, श्वास जलद होतो. मग रुग्णवाहिका, पाटसचा रस्ता आणि पुण्यातील एखाद्या रुग्णालयाचा नवजात अतिदक्षता कक्ष. बहुतेक बाळे तेथून सुखरूप परत येतात. काही येत नाहीत. त्यांच्या कागदपत्रांत पुष्कळदा कल्चरचा एक अहवाल असतो. त्यावर जंतूचे नाव असते आणि खाली प्रतिजैविकांच्या लांबलचक यादीपुढे एकच शब्द पुन:पुन्हा छापलेला असतो, 'रेझिस्टंट'.

पालक तो कागद घेऊन आपल्याकडे येतात आणि विचारतात, "डॉक्टर, हा जंतू आमच्या बाळाला आला कोठून?"

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची एक पद्धतशीर विद्या आहे. तिची ओळख आमच्या व्यवसायबंधूंना आणि औषधविक्रेत्या मित्रांना करून द्यावी, हा या लेखाचा हेतू होय. विषय मोठ्या रुग्णालयांचा, आपला त्याशी काय संबंध, असे प्रथमदर्शनी वाटणे स्वाभाविक आहे. तो संबंध किती निकटचा आहे, हे ओघाने स्पष्ट होईल.

एका वहीची गोष्ट

सुमारे वीस वर्षांपूर्वी, पदवी घेतल्यानंतर, आम्ही एका खासगी रुग्णालयात निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून रात्रपाळी करीत होतो. तेथील नवजात कक्षात सहा वॉर्मर होते. एका पंधरवड्यात तीन बाळांना जंतुसंसर्ग झाला, त्यांपैकी दोन दगावली. कल्चरचे अहवाल आले तेव्हा तिन्हींवर जंतूचे नाव एकच होते. कोणते औषध लागू पडते व कोणते पडत नाही, ही यादीही एकसारखी होती. परंतु हे तीन अहवाल तीन वेगवेगळ्या फायलींत लावलेले होते. ते शेजारी शेजारी ठेवून कोणी पाहिलेच नव्हते.

ते पाहिले तेथील एका वयस्कर सिस्टरने. कोणते बाळ कोणत्या दिवशी कोणत्या वॉर्मरवर होते, त्यास सलाईन कोणी लावले, सक्शन कोणी केले, हे सर्व त्या स्वत:च्या समजुतीसाठी एका शंभर पानी वहीत लिहून ठेवीत. त्या वहीवरून एक गोष्ट ध्यानात आली. शिरेतील सुई बंद पडू नये म्हणून थोडे थोडे सलाईन सोडण्यात येई आणि ते सर्व बाळांसाठी एकाच मोठ्या बाटलीतून दिवसभर काढले जाई. बाटलीच्या बुचात एक सुई कायम टोचलेली असे. त्या बाटलीतून सलाईन काढणाऱ्या हातांत आमचेही हात होते.

बाटली तपासणीस पाठवावी असे ठरले, तोवर ती कचऱ्यात गेली होती. त्यामुळे जंतू तेथूनच आला हे कधी सिद्ध झाले नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक बाळास स्वतंत्र लहान कुपी वापरण्यास आरंभ झाला आणि आम्ही तेथे होतो तोवर तसा रुग्ण पुन्हा आढळला नाही. एवढ्यावरून निष्कर्ष काढणे शास्त्रदृष्ट्या कच्चे आहे, हे आम्ही जाणतो. तथापि ती वही आणि ती फेकलेली बाटली या दोन्ही गोष्टी आमच्या मनातून गेलेल्या नाहीत.

जंतू हट्टी का होतात

गर्भाशयातून बाहेर येणाऱ्या बाळाचे आतडे व त्वचा जंतूंच्या दृष्टीने जवळजवळ रिकामी जमीन असते. निरोगी बाळाच्या बाबतीत या जमिनीवर प्रथम मातेचे निरुपद्रवी जंतू वस्ती करतात आणि स्तन्यपान त्यांस पोसते. अतिदक्षता कक्षातील बाळाच्या नशिबी हे नसते. ते मातेपासून दूर असते, त्यास पहिल्याच दिवसापासून प्रतिजैविके दिली जातात आणि दिवसातून अनेक वेळा अनेक हात त्यास स्पर्श करतात. प्रतिजैविकांनी सौम्य जंतू मरतात. जे उरतात ते हट्टी असतात आणि रिकाम्या जागेचा ताबा घेतात. पुढे शिरेतील नळी, श्वासनलिकेतील नळी किंवा नाजूक आतडे यांच्या वाटे ते रक्तात शिरतात. क्लेब्सिएला न्यूमोनी, असिनेटोबॅक्टर, ई. कोलाय, स्यूडोमोनास आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस ही यातील वारंवार आढळणारी नावे होत.

हट्टीपणाचे रहस्य असे की, यांतील काही जंतू औषध फोडून टाकणारे विकर स्वत: तयार करतात. ते विकर बनविण्याची कृती प्लाझ्मिड नावाच्या लहानशा वर्तुळाकार जनुकखंडावर लिहिलेली असते आणि हा खंड एक जंतू दुसऱ्यास, इतकेच काय, दुसऱ्या जातीच्या जंतूसही देऊ शकतो. एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिका शेजाऱ्याकडे सरकवावी, तसा हा प्रकार आहे. म्हणून एका रुग्णात तयार झालेला प्रतिरोध त्या रुग्णापुरता राहत नाही.

एनडीएम हा असाच एक विकर. नवी दिल्लीत उपचार घेऊन २००८ मध्ये स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात तो प्रथम ओळखला गेला. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, कार्बापेनेम गटातील औषधांस न जुमानणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ जंतूंत हा विकर आढळला होता. मेरोपेनेमसारखे औषध निष्प्रभ ठरले की वैद्यकाच्या हाती कोलिस्टिनसारखी मोजकी आणि वृक्कास अपाय करू शकणारी औषधेच उरतात. तेच कोलिस्टिन आपल्या देशात कोंबड्यांच्या खाद्यातूनही दिले जात असे. केंद्र शासनाने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्या वापरास बंदी केली. कुक्कुटपालन हा ज्यांचा जोडधंदा आहे अशा आपल्या परिसरातील शेतकऱ्यांस ही बंदी समजावून सांगणे अगत्याचे आहे.

माग काढण्याच्या पायऱ्या

उद्रेकाचा शोध घेणे हे बरेचसे चोराचा माग काढण्यासारखे आहे. पाऊलखुणा ताज्या असतानाच तो लागतो.

पहिली पायरी संशयाची. एका कक्षात थोड्या दिवसांत दोन किंवा अधिक बाळांत एकच जंतू आढळला आणि त्याची औषधांस दाद देण्याची यादीही तीच असली, तर तो योगायोग न मानता उद्रेक मानावा. दुसरी पायरी व्याख्येची. कोणत्या तारखेपासूनची, कोणत्या लक्षणांची आणि कोणत्या तपासणीची बाळे 'रुग्ण' म्हणून मोजायची, हे आधी लिहून ठरवावे लागते. अन्यथा प्रत्येक जण आपल्या सोयीने मोजतो.

तिसरी पायरी यादीची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक बाळासाठी एक ओळ. तीत जन्मतारीख, वजन, जन्म कोठे झाला, कक्षात कधी आले, कोणत्या खाटेवर होते, कोणती सलाईन, कोणते दूध, कोणती नळी, कोणती औषधे, कोणत्या पाळीत कोणाची सेवा, लक्षणे कधी आरंभली. हा तक्ता पूर्ण झाला की पुष्कळदा कारण कागदावरच दिसू लागते. रुग्ण एकाच दिवशी एकदम आढळले तर दूषित द्रव किंवा औषध यांचा संशय येतो. एकामागून एक, काही दिवसांच्या अंतराने आढळले तर हातावाटे होणारा प्रसार संभवतो.

चौथी पायरी तुलनेची. आजारी पडलेली बाळे आणि त्याच कक्षात राहूनही न पडलेली बाळे यांत काय वेगळे होते, हे पडताळून पाहिले जाते. पाचवी पायरी नमुन्यांची. हात धुण्याचे बेसिन व नळ, द्रवरूप साबण, सक्शनची बाटली, श्वासयंत्रास ओलावा देणारे पाणी, इनक्युबेटर, वजनकाटा, स्टेथोस्कोप, अनेकांसाठी वापरलेल्या औषधाच्या कुप्या, दूध काढण्याचा पंप या सर्वांचे नमुने घेतले जातात. तक्त्याने दिशा दाखविल्याशिवाय नमुने गोळा करणे म्हणजे अंधारात तीर मारणे होय. जंतू सर्वत्रच असतात. प्रश्न असतो तो नेमक्या त्याच जंतूचा.

सहावी पायरी ओळख पटविण्याची. दोन बाळांतील क्लेब्सिएला एकाच घराण्याचा की वेगवेगळ्या, हे केवळ औषधांच्या यादीवरून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी आता जंतूच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन केले जाते. जंतू वाढताना त्याच्या जनुकांत अधूनमधून एखाद्या अक्षराची चूक होते आणि ती पुढील पिढ्यांत उतरते. दोन जंतूंत अशा मोजक्याच चुकांचे अंतर असेल तर त्यांचे नाते जवळचे, शेकडो चुकांचे असेल तर दूरचे. भाऊबंदांची वंशावळ लावावी, तशी ही जंतूंची वंशावळ लावता येते.

सातवी पायरी उपायाची, आणि तिला सहाव्या पायरीची वाट पाहण्याचे कारण नाही. संसर्गित बाळे व त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिका वेगळ्या ठेवणे, हातांची शुद्धी कसोशीने पाळणे, सामाईक बाटल्या व उपकरणे बंद करणे, प्रसंगी नवे बाळ दाखल करणे थांबविणे हे संशय येताच आरंभावे लागते. रुग्ण थांबले म्हणजे काम संपले असेही नाही, हे पुढील उदाहरणांवरून दिसेल.

तीन कक्ष, तीन धडे

इंग्लंडमधील केंब्रिज येथील रोझी रुग्णालयात २०११ साली नवजात कक्षातील १२ बाळांत एमआरएसए म्हणजे मेथिसिलीनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस आढळला. नेहमीच्या पद्धतींनी या रुग्णांचा परस्परसंबंध निश्चित होईना. जनुकवाचन केल्यावर हे सर्व एकाच साखळीतील असल्याचे दिसले. शिवाय बाळांच्या माता आणि रुग्णालयाबाहेर त्वचेच्या विकारांसाठी तपासले गेलेले लोक धरून एकूण २६ व्यक्ती त्या साखळीत सापडल्या. कक्षाची संपूर्ण स्वच्छता झाली. त्यानंतर ६४ दिवस एकही नवा रुग्ण नव्हता आणि मग अचानक एक आढळला. जंतू त्याच घराण्याचा निघाला. तेव्हा १५४ कर्मचाऱ्यांची तपासणी करण्यात आली. त्यांतील एका व्यक्तीच्या अंगावर, कोणतेही लक्षण नसताना, तो जंतू वस्ती करून होता. त्या व्यक्तीवर उपचार करण्यात आले. धडा असा की, भिंती व फरशा धुतल्या तरी मनुष्य वाहक राहू शकतो आणि साखळी कक्षाच्या दारापाशी संपत नाही.

दुसरे उदाहरण उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टचे. तेथील रॉयल ज्युबिली प्रसूती रुग्णालयात जानेवारी २०१२ मध्ये स्यूडोमोनासच्या संसर्गाने तीन नवजात बाळे दगावली. शोध घेता घेता माग पोहोचला तो पाण्याच्या नळांपर्यंत. हात शुद्ध व्हावेत म्हणून ज्या नळाखाली धरले जात, तोच नळ जंतूंचे घर झाला होता. पुढे नळ बदलण्यात आले आणि अतिदक्षता कक्षातील बाळांची अंगे पुसण्यासाठी निर्जंतुक पाणी वापरण्याची सूचना देण्यात आली. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीचे पाणी हेच सर्व रुग्णालयाचे पाणी असते. हा धडा आपणांस अधिकच लागू पडतो.

तिसरे उदाहरण शेजारच्या नेपाळचे. काठमांडू येथील एका रुग्णालयातील अतिजोखमीच्या कक्षांत २०१२ मध्ये क्लेब्सिएलाचा उद्रेक झाला आणि बाधितांपैकी ७५ टक्के रुग्ण दगावले. नंतर जतन केलेल्या नमुन्यांचे जनुकवाचन झाले, तेव्हा उघड झाले की हा जंतू उद्रेकापूर्वी सहा महिने त्याच रुग्णालयात वावरत होता. एनडीएम असलेले त्याचे घराणे २०११ मध्येच ओळखले गेले असते तर कर्मचारी सावध झाले असते, असे संशोधकांनी नोंदविले आहे. अनेकांचे प्राण घेणारा उद्रेक एका दिवसात उभा राहत नाही. त्याचे पूर्वरूप असते. आपण निदानपंचकात पूर्वरूपास जे स्थान देतो, त्याची येथे आठवण व्हावी.

आपल्याकडील चित्र

दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत तेरा हजारांहून अधिक नवजात अर्भकांचा अभ्यास झाला व तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आढळलेल्या जंतूंत असिनेटोबॅक्टर २२ टक्के, क्लेब्सिएला १७ टक्के व ई. कोलाय १४ टक्के होते. अनेक औषधांस न जुमानण्याचे प्रमाण असिनेटोबॅक्टरमध्ये ८२ टक्के, क्लेब्सिएलात ५४ टक्के, तर ई. कोलायमध्ये ३८ टक्के होते. याहूनही विचार करावयास लावणारी बाब म्हणजे सेप्सिसचे सुमारे दोन तृतीयांश प्रसंग जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांतील होते. याचा अर्थ संसर्गाचा आरंभ पुष्कळदा प्रसूतीच्या खोलीत किंवा त्याच्या आसपास होत असावा. मग तो प्रश्न केवळ महानगरांतील अतिदक्षता कक्षांचा राहत नाही. आपल्या तालुक्यांतील प्रसूतिगृहेही त्यात येतात.

पुण्यातील तीन मोठ्या रुग्णालयांच्या नवजात कक्षांत मे २०१७ ते एप्रिल २०१८ या वर्षात दाखल झालेल्या चार हजारांहून अधिक अर्भकांचाही असा अभ्यास झाला. तेथे रक्तातील संसर्गात क्लेब्सिएला न्यूमोनी सर्वांत पुढे होता. आपल्या भागातील बाळे उपचारार्थ जातात ते शहर हेच. मुंबईत भांडुप येथील महापालिकेच्या सावित्रीबाई फुले प्रसूतिगृहाच्या नवजात कक्षात डिसेंबर २०२१ मध्ये चार अर्भके संसर्गाने दगावली आणि तो विषय विधिमंडळात गाजला, हे वाचकांच्या स्मरणात असेल. जगाचा विचार करता २०१९ या एका वर्षात प्रतिरोधी जंतूंमुळे प्रत्यक्ष घडलेल्या मृत्यूंचा अंदाज १२ लाख ७० हजार असून त्यांतील दर पाचांमागे एक मृत्यू पाच वर्षांखालील बालकाचा होता.

याउलट एक चित्र आपल्याच राज्यातील गडचिरोलीचे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गेल्या शतकाच्या अखेरीस गावातील आरोग्यदूतांकरवी नवजात बाळांची घरीच शुश्रूषा केली. सेप्सिस झालेल्या बाळास जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि कोट्रायमॉक्सॅझोलचे पातळ औषध एवढेच दिले जाई. त्याने सेप्सिसमधील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. हा अहवाल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वस्त, जुनी, खेड्यात देता येणारी औषधे बाळांचे प्राण वाचवीत होती. रुग्णालयांतील आजच्या क्लेब्सिएलापुढे हेच जेंटामायसिन पुष्कळदा हतबल ठरते. आपण काय गमावीत आहोत, याची यावरून कल्पना यावी.

शास्त्रकारांची दृष्टी

संसर्गाची कल्पना आपल्या शास्त्रास नवी नाही. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात औपसर्गिक रोगांच्या संक्रमणाची कारणे सांगताना स्पर्श, नि:श्वास, सहभोजन, एकच शय्या व आसन, दुसऱ्याची वस्त्रे व अनुलेपन यांचा निर्देश केला आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचा विचार करताना वायू, उदक, देश आणि काल या सर्वांस सामाईक असणाऱ्या भावांकडे बोट दाखविले. अनेक माणसे एकाच वेळी आजारी पडतात तेव्हा त्यांच्यात समान काय आहे ते शोधा, हाच त्या विचाराचा गाभा होय, आणि वर वर्णिलेल्या तक्त्याचाही. शारीरस्थानातील कुमारागाराच्या वर्णनात बालकाची शय्या व वस्त्रे मलमूत्राने दूषित झाल्यास ती बदलावीत, अथवा धुऊन, वाळवून व धूपन करूनच पुन्हा वापरावीत असा विधी आहे. काश्यपसंहितेत तर धूपनासाठी स्वतंत्र कल्पच आहे.

या वारशाचा अभिमान अवश्य बाळगावा. मात्र त्याचा अर्थ असा करू नये की, धूपन केले म्हणजे हात धुण्याची गरज नाही, किंवा अर्भकाच्या सेप्सिसवर आपल्याकडील कल्पांनी वेळ काढता येईल. दूध ओढेनासे झालेले, गार पडलेले, निस्तेज झालेले नवजात बाळ ही तत्काळ रुग्णालयात पाठविण्याची अवस्था आहे. तेथे एका तासाचा विलंबही महाग पडतो. आपल्या शास्त्राने चिकित्सेचे पहिले सूत्र निदानपरिवर्जन हे सांगितले. कारण सापडल्याशिवाय ते वर्ज्य करता येत नाही आणि नोंद नसेल तर कारण सापडत नाही. उद्रेकाचा माग काढणे म्हणजे एका कक्षापुरते केलेले निदानपरिवर्जनच होय.

आपल्या दारातील दुवे

आता मूळ मुद्द्याकडे वळू. अतिदक्षता कक्षात रात्री उभा असणारा निवासी अधिकारी पुष्कळ ठिकाणी आपलाच बी.ए.एम.एस. पदवीधर असतो. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत बाळासोबत बसणारा डॉक्टरही बहुधा आपल्यापैकीच असतो. म्हणजे त्या साखळीत आपले हात प्रत्यक्ष आहेत.

अप्रत्यक्ष हात त्याहून अधिक आहेत. महाराष्ट्र शासनाच्या १९९२ च्या अधिसूचनेने आणि त्यानंतर झालेल्या कायदेशीर बदलांनी राज्यातील नोंदणीकृत आयुर्वेद पदवीधरांस मर्यादित स्वरूपात आधुनिक औषधे वापरण्याची मुभा मिळाली. ही मुभा आपण कशी वापरतो? आम्ही गेल्या पावसाळ्यात स्वत:च्याच दवाखान्यातील एका महिन्याच्या चिठ्ठ्या काढून बसलो. साधे प्रतिश्याय, दोन दिवसांचा ज्वर, पाण्यासारखे अतिसार यांवर आम्ही लिहिलेल्या सेफिक्झिमच्या व अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या मोजल्या आणि ओशाळलो. यांतील बहुतेक विकार विषाणूंचे असतात व त्यांवर प्रतिजैविकाचा काडीचाही उपयोग नसतो, हे आम्हांस ठाऊक होते. तरी रुग्ण दुसऱ्या दवाखान्यात जाईल या भीतीने आम्ही ती लिहिली. त्यांत गरोदर स्त्रियाही होत्या. अनावश्यक प्रतिजैविकाने त्यांच्या आतड्यात जे हट्टी जंतू उरतात, त्यांचाच वारसा प्रसूतीच्या वेळी बाळास मिळू शकतो.

ऊसतोडीच्या हंगामात हे अधिक जाणवते. कारखान्यांच्या परिसरात टोळ्या कोप्या टाकून राहतात. गरोदर बाईस कामाचा खाडा परवडत नाही. ताप आला की ती औषध दुकानातून 'दोन दिवसांच्या गोळ्या' मागते आणि बरे वाटताच उरलेल्या ठेवून देते. औषध दुकानदाराने त्या चिठ्ठीविना दिल्या तर तो उपकार वाटतो. तो उपकार नव्हे.

आपल्या खास उपचारांतही काळजीची स्थळे आहेत. पुष्य नक्षत्रावर सुवर्णप्राशनाची शिबिरे भरतात व शेकडो बालके रांगेत येतात. त्या वेळी एकच ड्रॉपर एका बालकाच्या ओठांना लागून पुन्हा बाटलीत जात असेल, तर आमच्या रुग्णालयातील त्या सलाईनच्या बाटलीत आणि या बाटलीत फरक तो कोणता? बस्तियंत्र, अभ्यंगाचे सामाईक तेल, शिरावेधाची सुई, एकदा वापरलेली जलौका यांचाही विचार याच दृष्टीने व्हावा.

काय करता येईल

चिकित्सकांनी :

१. अर्भकास किंवा गरोदर स्त्रीस प्रतिजैविक लिहिताना कारण, मात्रा व दिवस केसपेपरवर नोंदवावेत. कारण लिहिता येत नसेल तर औषधही लिहू नये.

२. बाळास पुण्यास पाठविताना चिठ्ठीवर जन्माचे ठिकाण व वेळ, आतापर्यंत दिलेली प्रत्येक प्रतिजैविके व त्यांच्या वेळा, आणि मातेस दिलेली औषधे स्पष्ट लिहावीत. तेथील तक्त्यातील पहिली ओळ आपल्या चिठ्ठीवरून भरली जाते.

३. शक्य असेल तेथे रक्ताचे कल्चर घेतल्यावरच पहिले इंजेक्शन द्यावे, असे रुग्णालयांत काम करणाऱ्या तरुण वैद्यांनी आग्रहाने सांगावे. मात्र त्यासाठी बाळाचे औषध रखडता कामा नये.

४. बाळास स्पर्श करण्यापूर्वी व नंतर हात शुद्ध करावेत. नखे कापलेली, हात अंगठ्या-घड्याळाविना असावेत.

५. सुवर्णप्राशनासाठी प्रत्येक बालकास स्वतंत्र चमचा वापरावा. अतिदक्षता कक्षातून नुकत्याच घरी आलेल्या बालकास त्याच्या बालरोगतज्ज्ञांस विचारल्याविना तोंडावाटे काहीही देऊ नये. त्याचे खरे रसायन मातेचे दूध होय.

औषधविक्रेत्यांनी :

१. अनुसूची एच-१ ही १ मार्च २०१४ पासून अमलात आहे. सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम, सेफ्ट्रायॅक्सोन, लेव्होफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम, फॅरोपेनेम ही औषधे तीत येतात. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवून तीत चिठ्ठी लिहिणाऱ्याचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध व त्याचे प्रमाण लिहिणे आणि ती तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. ही वही तपासनिसासाठी महिनाअखेरीस एकदम भरली जात असेल, तर ती असून नसल्यासारखीच.

२. अर्धी पट्टी कापून देण्याची प्रथा प्रतिजैविकांच्या बाबतीत थांबवावी. लिहिले असेल तितकेच आणि तेवढे सर्व द्यावे.

३. एखाद्या वैद्याच्या चिठ्ठ्यांत एकच भारी प्रतिजैविक वारंवार येत असल्यास त्यास स्नेहाने सांगावे. आम्हांस कोणी सांगितले असते तर आमच्या चिठ्ठ्या आम्ही आधीच मोजल्या असत्या.

समारोप

आपल्या संघटनेच्या तालुका शाखांनी वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, प्रत्येक सभासदाने स्वत:च्या एका महिन्याच्या चिठ्ठ्या मोजून आणाव्यात अशी बैठक घ्यावी, अशी आमची नम्र सूचना आहे. त्यात कोणाची नावे वाचली जाऊ नयेत. दंड नको, निंदाही नको. केवळ आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. तीन अहवाल तीन फायलींत राहिले म्हणून दोन बाळांच्या संसर्गाचे कारण आम्हांस कधी कळले नाही. आपल्या तालुक्यांतील चिठ्ठ्याही आज अशाच वेगवेगळ्या खणांत पडून आहेत.

जनुकवाचनाची यंत्रे आपल्या दवाखान्यांत येणार नाहीत आणि त्यांची तेथे गरजही नाही. शंभर पानांची वही मात्र कोणालाही परवडते. "हा जंतू आला कोठून?" असे विचारणाऱ्या बापास आज आपण केवळ सांत्वनाचे चार शब्द देऊ शकतो. त्यास उत्तर मिळावे असे वाटत असेल, तर त्या उत्तराचा आपल्या वाट्याचा भाग आपण आज लिहून ठेवला पाहिजे.